समन्स बजावायचे कसे: लायसन्सवाला एजंट नाही, तेव्हा साताऱ्यातल्या वादीने काय करावे

दाव्याला नंबर पडला, कोर्ट फी भरली, की वादी निर्धास्त होतो. पण समन्स प्रतिवादीच्या हातात पडेपर्यंत दावा जागचा हलत नाही. सातारा, कराड, वाई, वडूज, दहिवडी, कुठल्याही दिवाणी कोर्टाचा बोर्ड पाहा. 'समन्स बजावणीकामी' असा शेरा घेऊन बसलेली जुनी प्रकरणे सापडतातच. ती कायद्यापायी कमी अडतात. अर्धवट पत्ता, न भरलेली प्रोसेस फी (बजावणीची फी) आणि बेलिफाच्या, म्हणजे समन्स पोहोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाच्या, अहवालात राहून गेलेली एखादी ओळ, यांपायीच जास्त अडतात.

नेटवर शोधले की 'लायसन्सधारक प्रोसेस सर्व्हर', म्हणजे पैसे घेऊन कोर्टाचे कागद बजावणारे खासगी लोक, दिसतात आणि साताऱ्यात असा कोण आहे, अशी विचारणा सुरू होते. ती व्यवस्था अमेरिकेची, आणि तिथेही राज्याराज्यात नियम वेगळा. कॅलिफोर्नियात वर्षाला दहापेक्षा जास्त कागद पैसे घेऊन बजावणाऱ्याला काउंटी क्लार्ककडे नोंदणी करून २,००० डॉलरचा बाँड द्यावा लागतो. नेवाडात रीतसर लायसन्स लागते, टेक्सासमध्ये प्रमाणपत्र. महाराष्ट्रात असे लायसन्स अस्तित्वातच नाही. जिल्हाधिकारी देत नाहीत, पोलीस अधीक्षक देत नाहीत, जिल्हा न्यायालयही देत नाही. 'आम्ही कोर्टाचे अधिकृत समन्स एजंट' असे कार्ड कोणी पुढे केले, तर ते कार्ड त्याच्याच प्रिंटरवरचे समजा. सरकारी माणूस असल्याची बतावणी करून कोणी कागद दिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली तो गुन्हा होतो. खासगी डिटेक्टिव्हकडून पत्ता शोधून घ्यायला हरकत नाही. त्यांच्या लायसन्ससाठी २००७ मध्ये विधेयक आले होते, त्याचाही कायदा झाला नाही. पण डिटेक्टिव्हने परस्पर नेऊन दिलेला कागद म्हणजे बजावणी नव्हे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ५ मध्ये, म्हणजे समन्सच्या नियमांच्या भागात, खासगी हाताने समन्स जाण्याच्या वाटा दोनच आहेत: कोर्टाने मान्य केलेले कुरिअर, आणि वादीने स्वतः नेलेले समन्स, ज्याला आपल्या कोर्टात 'हमदस्त' म्हणतात. दोन्हीला लायसन्स लागत नाही, कोर्टाचा हुकूम लागतो. बाकी बेलीफ आणि टपाल हे नेहमीचे मार्ग आहेतच.

आधी पत्ता

वादपत्रात 'रा. पाटण, जि. सातारा' एवढेच लिहिले असेल तर बेलीफ हात हलवत परत येणार. मु., पो., ता., जि. हे तर हवेच. शिवाय वाडी, वस्ती किंवा मळ्याचे नाव, घराजवळची खूण, पिन कोड, मोबाइल आणि असल्यास ई-मेल द्या. भावकीच्या गावात एकाच नावाची तीन-चार माणसे असतात, म्हणून वडिलांचे नाव, अंदाजे वय आणि धंदा लिहा. गावात ज्या नावाने हाक मारतात ते 'ऊर्फ' लावून लिहा.

या जिल्ह्यात पत्त्याचे काही खास घोटाळे ठरलेले आहेत. पाटण आणि जावळीतली कितीतरी कुटुंबे माथाडीच्या कामाने मुंबई, नवी मुंबईत राहतात. गावच्या घराला कुलूप असते. ते घर गणपतीत, शिमग्याला किंवा गावच्या यात्रेत उघडते. मुंबईचा पत्ता मिळत नसेल तर बजावणी त्या आठवड्यात पडेल अशी तारीख मागून घ्या. माण-खटावकडचे मेंढपाळ आणि ऊसतोड करणारी माणसे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, त्यांच्यासाठी डिसेंबरात काढलेले समन्स बहुधा कोरेच परत येते. कोयना धरणाने उठवलेल्या गावांची पुनर्वसित गावठाणे अनेकदा मूळ नावानेच ओळखली जातात, तेव्हा मूळ तालुका की नवा, हे स्पष्ट लिहा. शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या काही वस्त्यांना बामणोली किंवा तापोळ्याहून लाँचने जावे लागते. तिथल्या प्रतिवादीसाठी जवळची तारीख घेण्यात अर्थ नाही. सांगलीकडे विटा, खानापूर, आटपाडीची तऱ्हा आणखी वेगळी. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात तिथली माणसे देशभर पांगली आहेत. गावचा पत्ता आणि दुकानाचा पत्ता, दोन्ही वादपत्रात घाला.

वाटपाच्या दाव्यात हमखास अडते ते बहिणींपाशी. सातबाऱ्यावर नाव माहेरचे, राहणे सासरी, आणि वादपत्रात पत्ता भावाचा. भावाच्या घरी 'सदर इसम येथे राहत नाही' असा शेरा बसतो आणि सहा महिने जातात. माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावे लिहून पत्ता सासरचा द्या.

दावा लावण्याआधी प्रत्येक प्रतिवादी हयात आहे का, हेही पाहून घ्या. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे माणूस आहे असे नव्हे. वारसनोंद मागे राहिलेली असते. आधीच मयत झालेल्याविरुद्ध लावलेला दावा त्याच्यापुरता शून्य ठरतो. दावा चालू असताना मयत झाला तर वारसांना ९० दिवसांत रेकॉर्डवर आणावे लागते. प्रतिवादी अज्ञान (वयाने लहान) असेल तर पालक नेमून घेण्याचा अर्ज वेगळा.

फी आणि प्रती

कोर्टाने समन्स काढण्याचा हुकूम केला की ऑर्डर ७ नियम ९ प्रमाणे सात दिवसांत, जितके प्रतिवादी तितक्या वादपत्राच्या प्रती साध्या कागदावर आणि बजावणीची फी द्यायची असते. वादपत्राची प्रत जोडली नसेल तर ते समन्स अपुरे. निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईहुकमाचा, अर्ज असेल तर त्याची नोटीस आणि प्रतही त्याच सेटमध्ये घाला, नाहीतर समन्स बजावले आणि निशाणी ५ ची नोटीस राहिली, असा अर्धा प्रकार होतो.

हिशेब आधीच करा. वादपत्र १४ पाने, निशाणी ५ ची ६, दस्तऐवजांची यादी २, म्हणजे सेट २२ पानांचा. प्रतिवादी ११ असतील तर २४२ पाने. बेलीफ आणि टपाल दोन्हींकडून एकदम पाठवायचे असेल तर ४८४. त्यावर दोन सेट जादा ठेवा, कारण पुन्हा समन्स काढायची वेळ येतेच. प्रत्येक पान वाचता येते का, ते पाहा. झेरॉक्समध्ये शेवटची ओळ कापलेली प्रत मिळाल्याची हरकत प्रतिवादीचा वकील पहिल्याच तारखेला घेतो.

फीचा दर नाझर शाखेत (कोर्टातली बजावणीचे काम पाहणारी शाखा) विचारून घ्या आणि भरलेल्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे दाव्याच्या रोजच्या नोंदीत, आली का, हे त्याच दिवशी तपासा. फी किंवा प्रती न दिल्याने समन्स गेलेच नाही, तर ऑर्डर ९ नियम २ खाली दावा काढून टाकता येतो.

बेलीफ

प्रतिवादी त्याच कोर्टाच्या हद्दीत असेल तर समन्स नाझरमार्फत बेलिफाकडे जाते. बेलिफाबरोबर घर दाखवायला जाता येते आणि जावेच. पण कागद बेलीफच देणार, तुम्ही नाही. घर दाखवून बाजूला व्हा. प्रतिवादीच्या दारात तुमची बाचाबाची झाली की पुढे तीच हकिगत होऊन बसते. गावात पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायतीचा शिपाई गाठला तर घर शोधायला वेळ जात नाही. बेलिफाचा भत्ता कोर्टात पावतीने भरलेला असतो. वर पैसे मागितले तर तक्रार जिल्हा न्यायालयाकडे करा किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा.

समन्स शक्यतो प्रतिवादीच्याच हातात द्यायचे आणि मूळ समन्सवर त्याची सही घ्यायची. तो घरी नसेल आणि वाजवी वेळेत सापडण्याची शक्यता नसेल, तर ऑर्डर ५ च्या नियम १५ प्रमाणे (पुढे नुसता 'नियम' म्हटला तर तो याच ऑर्डरचा) त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीला, पुरुष असो वा स्त्री, देता येते. नोकर हा कुटुंबातला नव्हे, हे नियमातच लिहिले आहे. शेजारी, भाडेकरू, वेगळा राहणारा भाऊ हेही यात बसत नाहीत. अहवालात नुसते 'पत्नीस दिले' असे असेल तर ते अपुरे. नाव, वय, नाते, एकत्र राहते आणि प्रतिवादी कुठे गेला होता, हे पाचही हवे.

सही करायला नकार मिळाला किंवा शोधूनही माणूस सापडला नाही, तर नियम १७ लागतो. घराच्या बाहेरच्या दारावर प्रत डकवायची. सगळ्यात जास्त बजावण्या फेटाळल्या जातात त्या इथेच, आणि कारणे तीच ती. पहिले, बेलीफ एकदाच गेला, तेही दुपारी बारा वाजता, माणूस शेतावर असताना, आणि डकवून आला. नियम आधी नीट शोध घ्यायला सांगतो; निदान दोन वेगवेगळ्या दिवशी, एकदा सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला गेल्याचे अहवालात दिसले पाहिजे. दुसरे, घर कोणी ओळखून दाखवले आणि कोणासमक्ष डकवले, त्या माणसाचे नाव-पत्ता नाही. तिसरे, अहवालाला बेलिफाचे शपथपत्र नाही. शपथपत्र नसेल तर नियम १९ प्रमाणे कोर्टाने बेलिफाला शपथेवर तपासलेच पाहिजे, आणि त्यात एक तारीख जाते. ओळख देणारा म्हणून वादीच्याच मुलाचे नाव घालू नका. गावातला तिऱ्हाईत बघा.

आता बेलिफांच्या मोबाइलमध्ये एनस्टेप हे ई-कोर्ट्सचे ॲप असते. त्यात बजावणीच्या ठिकाणाची जीपीएस नोंद आणि फोटो चढतो. दाव्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर (ई-कोर्ट्सवरचा ओळख क्रमांक) टाकून ई-कोर्ट्सवर पुढची तारीख आणि कामकाज बघत राहा. डकवलेला कागद कोणी मुद्दाम फाडला तर न्याय संहितेच्या कलम २०७ खाली गुन्हा आहे, एवढे गावात सांगून ठेवले तरी पुरते.

टपाल

टपालाचा खर्च वादीचा. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिळवले, त्यामुळे खिडकीवर 'नोंदणीसह स्पीड पोस्ट, पोहोच हवी' असे सांगा. लिफाफ्यावर दावा नंबर आणि पुढची तारीख लिहा. पावतीवरचा तेरा अक्षरी नंबर वहीत उतरवा, आणि वितरण झाले की ट्रॅकिंगची प्रिंट लगेच काढा. ती नोंद संकेतस्थळावर कायम राहत नाही.

लिफाफा परत आला तर शेरा वाचा, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. 'घेण्यास नकार' असेल तर नियम ९ प्रमाणे कोर्टाने समन्स बजावले गेले असे जाहीर करायचे असते. तसा अर्ज द्या. पत्ता बरोबर होता, पैसे भरून पोहोचेसह नोंदणीकृत टपालाने पाठवले आणि पोहोच पावती हरवली किंवा समन्स काढल्यापासून तीस दिवसांत आलीच नाही, तरीही तेच जाहीर करता येते. 'गाव सोडून गेले', 'अपुरा पत्ता', 'या नावाचे कोणी नाही' हे शेरे मात्र बजावणी नव्हेत, त्यावर वाद घालून उपयोग नाही. 'घर बंद' आणि 'मागणी केली नाही' हे मधले. पत्ता तोच असल्याचा पुरावा, म्हणजे वीजबिल, मतदार यादी, ग्रामपंचायतीचा उतारा, हाताशी असेल तर पुष्कळदा चालून जाते.

हमदस्त

नियम ९-अ. वादीने अर्ज करायचा, आणि कोर्ट इतर मार्गांच्या जोडीला समन्स वादीच्या हाती देते. जोडीला, हा शब्द महत्त्वाचा; बेलीफ आणि टपाल यांची फी भरणे त्यामुळे टळत नाही. अर्जात समन्स कोण घेऊन जाणार त्याचे नाव लिहून परवानगी घ्या, वादी स्वतः की त्याचा मुखत्यार. ऐनवेळी भलताच माणूस गेला तर शपथपत्रावर हरकत येते.

समन्सवर न्यायाधीशांची किंवा अधिकृत कर्मचाऱ्याची सही आणि कोर्टाचा शिक्का आहे का, हे कोर्टातच पाहा. प्रत प्रतिवादीला द्या, मूळ समन्सवर त्याची सही, तारीख आणि वेळ घ्या. परत आल्यावर कधी, कुठे, कशी बजावणी केली, याचे शपथपत्र द्या. फोटो काढला असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडायला विसरू नका.

आता नेमकी चूक कुठे होते ते सांगतो. प्रतिवादीने कागद घ्यायला नकार दिला, की वादी रागाने तो दाराला चिकटवून फोटो काढतो आणि 'डकवून बजावणी' म्हणून दाखल करतो. ते चालत नाही. हमदस्तला नियम १६ (सही घेणे) आणि १८ (बजावणीची वेळ आणि रीत नोंदवणे) लागू केले आहेत, १७ नाही. डकवण्याचा अधिकार बेलिफाचा. नकार मिळाला, सही दिली नाही किंवा माणूस भेटला नाही, तर निमूट परत या, तसे शपथपत्र द्या आणि कोर्टामार्फत पुन्हा समन्स काढण्याचा अर्ज करा. तो मंजूर करण्याची तरतूद त्याच नियमात आहे. लायसन्सवाला एजंट शोधणाऱ्यांनी हे आधी वाचावे. कोर्टाच्या परवानगीने नेलेल्या समन्सलाही जो अधिकार मिळत नाही, तो पैसे देऊन ठेवलेल्या माणसाला कुठून मिळणार?

कुरिअर

कुरिअरचे पॅनेल उच्च न्यायालयाने किंवा जिल्हा न्यायाधीशांनी तयार करायचे असते. पॅनेलवर कोण आहे हे जिल्हा न्यायालयाच्या कार्यालयात विचारा. पॅनेलबाहेरच्या कुरिअरने आधी पाठवून मागून मान्यता मागू नका. कुरिअरवाल्यांकडून खोटे शेरे येतील ही भीती जुनीच. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या निकालात त्यावर उपाय सुचवला: नकाराच्या वेळी कोण हजर होते ते नोंदवणारे शपथपत्र, देणाऱ्याला कळणाऱ्या भाषेत; खोटे निघाले तर शिक्षा आणि कंपनी काळ्या यादीत. तेव्हा कुरिअरची नुसती 'डिलिव्हर्ड' अशी ओळ दाखल करू नका, पोऱ्याचे शपथपत्र मागा. चेक न वटल्याच्या फौजदारी प्रकरणात स्पीड पोस्ट किंवा सत्र न्यायालयाने मान्य केलेले कुरिअर चालते, पण तो निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १४४ चा वेगळा रस्ता आहे.

व्हॉट्सॲपबद्दल सगळेच विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अंमलबजावणीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवरची नोटीस मानली, कारण पीडीएफ उघडल्याचे दिसत होते. जोडीला जरूर पाठवा, त्याच एका भरवशावर राहू नका.

बाहेरगावचा प्रतिवादी

दावा साताऱ्यात आणि प्रतिवादी कराडला, तर समन्स कराडच्या कोर्टाकडे जाते आणि तिथला बेलीफ बजावतो. मुंबई शहरातले समन्स लघुवाद न्यायालयामार्फत. नवी मुंबई महापालिकेचा भाग मात्र ठाणे जिल्ह्यात, ही चूक दर वर्षी होते. दुसऱ्या कोर्टातून अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून नियम ९ खाली थेट स्पीड पोस्टाने पाठवण्याचा हुकूम सुरुवातीलाच मागा. मग दुसऱ्या कोर्टाचा फेरा चुकतो. परराज्यात, समजा गलाईवाल्यासाठी तमिळनाडूत, समन्स जाणार असेल तर वादपत्राचे इंग्रजी भाषांतर स्वतःहून जोडा.

प्रतिवादी फौजी असेल तर नियम २८ प्रमाणे त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे समन्स जाते. अपशिंगे मिलिटरीसारखे गाव असलेल्या जिल्ह्यात हे वरचेवर लागते. युनिटचे नाव आणि एपीओ (लष्करी टपाल कार्यालय) क्रमांक घरच्यांकडून मिळतो. तो सीमेवर तैनात असेल तर १९२५ च्या सैनिक दाव्यांविषयीच्या कायद्याखाली दावा तहकूब होऊ शकतो. तुरुंगात असेल तर तुरुंग अधिकाऱ्याकडे, कंपनी असेल तर नोंदणीकृत कार्यालयात.

प्रतिवादी अमेरिकेत असेल तर तिथला लायसन्सवाला परस्पर गाठायच्या आधी वकिलाशी बोला. भारत हेगच्या बजावणी करारात, म्हणजे परदेशात कोर्टाचे कागद बजावण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहे, तो आपल्यासाठी १ ऑगस्ट २००७ पासून लागू झाला. उलट दिशेने तर स्पष्टच आहे: तिथल्या दाव्याचे समन्स इथे टपालाने किंवा खासगी माणसाकडून देण्याला भारताने हरकत नोंदवली आहे. ते केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयामार्फतच यायला हवे.

सात दिवस

समन्स न बजावता परत आले की त्या दिवसापासून सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज करायचा, नाहीतर ऑर्डर ९ नियम ५ खाली दावा निकाली निघू शकतो. पूर्वी मुदत महिन्याची होती, २००२ च्या दुरुस्तीपासून ती सात दिवसांवर आली. जुने कारकून अजून महिनाच सांगतात. पत्ता शोधायला वेळ हवा असेल तर गप्प न बसता कसा शोध चालू आहे ते लिहून मुदतीचा अर्ज द्या.

जाहीर समन्स

हा शेवटचा मार्ग. नियम २० खाली अर्ज करताना किती वेळा, कोणत्या मार्गाने प्रयत्न केले, प्रत्येकाचा शेरा काय, आणि माणूस मुद्दाम टाळतो असे का वाटते, हे शपथेवर मांडा. 'प्रतिवादी समन्स चुकवत आहे' या एका ओळीवर हुकूम घेतला तर तो पुढे अपिलात टिकत नाही. वर्तमानपत्र प्रतिवादी शेवटी जिथे राहत होता त्या भागात खपणारे हवे. घाटकोपरला राहणाऱ्यासाठी सातारा आवृत्तीत जाहिरात देणे म्हणजे पैसे पाण्यात. छापण्याआधी मजकूर दावा नंबर, नावे, कोर्ट आणि तारीख यांच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नावातला एक काना चुकला तर पुन्हा छापावे लागते. जाहिरात आणि हजर राहण्याची तारीख यांत पुरेसे अंतर ठेवा. कात्रण नको, पूर्ण अंक दाखल करा, बिल आणि शपथपत्रासह.

बजावणी झाली की प्रतिवादीला कैफियत (लेखी उत्तर) द्यायला ३० दिवस, आणि कोर्टाने वाढवून दिले तर ९० पर्यंत. तो आलाच नाही तर एकतर्फाचा अर्ज देण्याआधी फाइल उघडून प्रत्येक प्रतिवादीपुढे बजावणीचा कागद लागला आहे का, हे एकेक करून पाहा. अकरापैकी दहा बजावले आणि एक राहिला, तर हुकूमनामा त्या एकापायी उलटतो. एकतर्फा हुकूमनामा रद्द करायची मुदत एरवी हुकूमनाम्यापासून तीस दिवस. पण मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ मध्ये जाहीर समन्स ही योग्य बजावणी धरलेली नाही, म्हणून तिथे तीस दिवस मोजायचे ते प्रतिवादीला कळल्या दिवसापासून. असा हुकूमनामा हाती असेल तर वर्तमानपत्राचा तो अंक आणि शपथपत्रांच्या प्रती दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी) पुरी होईपर्यंत जपून ठेवा.